बारा रुपयांची पेटी

डब्यात एक्केचाळीस रुपये निघाले. राणीछाप नऊ, सातव्या एडवर्डचे सहा, पाचव्या जॉर्जचे बावीस आणि सहाव्या जॉर्जचे चार. मी ते वर्तमानपत्रावर राजावार मांडले, मग पाचव्या जॉर्जचे बावीस बाजूला ओढून सालवार लावले. १९१२चे चार, १९१३चे तीन, १९१४चे दोन, १९१६चे तीन, १९१७चे चार, १९१८चे पाच आणि १९१९चा एकच.

"म्हणजे किती झालं?" आण्णा, म्हणजे माझे वडील, माझ्या मागे उभे होते. मगदूमांच्या घरची माणसं येऊन गेल्यापासून त्यांना एका जागी बसवत नव्हतं.

"सात सालं. पाहिजेत बारा."

"कुठली न्हाईत?"

"अकरा, पंधरा, वीस, एकवीस, बावीस."

आण्णा खाली वाकले, एक रुपया उचलून तळहातावर उडवला आणि वजन अजमावून परत ठेवला. जन्मभराची सवय. "साखरपुडा पुढच्या महिन्यात हाय," ते म्हणाले. "हुपरीत चांदीचा रुपया घावला न्हाई म्हटलं तर लोक तोंडात शेण घालतील."

आमच्या हुपरीत घरोघरी चांदीचं काम चालतं. पैंजण, तोडे, जोडवी, घुंगरू. आण्णांच्या तरुणपणी जुने रुपये पोत्यानं यायचे ते आटवायलाच. राजा कोण, साल कुठलं, हे बघायला कुणाला वेळ नव्हता. मुशीत पडले की सगळे राजे सारखेच. त्या डब्यातले एक्केचाळीस कसे काय वाचले, ते आण्णांनाही सांगता येईना.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. कोल्हापुरातून रसायनशास्त्रात बी.एस्सी. करून परतलो होतो आणि बाजारपेठेत टंच काढायच्या एका दुकानात कामाला होतो. टंच म्हणजे चांदीची शुद्धता. दुकानात त्यासाठी यंत्र होतं. त्याच्या काचेवर तुकडा ठेवायचा, झाकण लावायचं, थोड्या वेळात पडद्यावर टक्के येतात. गिऱ्हाईकं त्याच्याकडे देवासारखी बघायची. मी मात्र प्रत्येकाला, कुणी विचारलेलं नसताना, सांगत असे की यंत्राला फक्त कातडी दिसते. वरचा केसाहून पातळ थर. पोटात काय आहे ते त्याला कळत नाही. मालकांनी मला त्यावरून दोनदा दम भरला होता.

आता मगदूमांबद्दल. ताईला बघायला ते सांगलीहून आले होते. मुलगा अभिनंदन, इंजिनिअर, कमी बोलणारा. बोलणं सगळं त्याच्या आजोबांचं. देवाप्पा मगदूम, सगळे त्यांना तात्या म्हणत. हळदीचा मोठा व्यापार, आणि चाळीस वर्षांपासून नाणी जमवायचा नाद. कांदेपोहे संपवता संपवता ते आण्णांना म्हणाले होते, "चौगुले, आम्हाला देणं-घेणं काही नको. पण तुम्ही चांदीच्या गावचे. पाचव्या जॉर्जचे अकरा ते बावीस, बारा सालांचे बारा रुपये माझ्याकडे एका रांगेत कधी आले नाहीत. जमलं तर तेवढं बघा."

ते हसत म्हणाले होते. आण्णांनी ते हसण्यावारी नेलं नाही. पाहुण्यांची गाडी गल्लीच्या टोकाला वळायच्या आत त्यांनी माळ्यावरून डबा काढला होता.

ताई म्हणजे त्रिशला. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आमच्या घराच्या मागच्या खोलीत तिची भट्टी होती. ती घुंगरू करायची. ज्वारीच्या दाण्याएवढ्या दोन वाट्या जुळवायच्या, आत खडा टाकायचा, आणि गॅसच्या बारीक ज्योतीनं सांध्यावर डाख, म्हणजे जोडाचा मिश्रधातू, वितळवायचा. ज्योत क्षणभर जास्त राहिली तर घुंगरू बसतं, कमी राहिली तर उसवतं. गल्लीतल्या चार बायका तिच्याकडे हे काम शिकून रोजानं बसत. औद्योगिक वसाहतीत एक पत्र्याची शेड भाड्यानं मिळत होती, ती तिनं दोनदा जाऊन बघितली होती.

मी रुपये घेऊन तिच्याकडे गेलो तेव्हा बायका घरी गेल्या होत्या. ती एकटीच डाखाचे तुकडे कातरत होती.

"ही बघ तुझी वरात," मी म्हणालो.

"माझी कशाला? आण्णांची." तिनं कातर खाली ठेवली नाही. "तात्या जाताना काय म्हणाले, ऐकलंस? आमच्या सुना आगीपुढं बसत न्हाईत. असं लाडानं म्हणाले. जणू काय बक्षीसच."

"मग आण्णांना सांग की."

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, शब्द दिलाय." तिनं एक तुकडा उजेडात धरून बघितला. "आजी गेली त्या दिवशीसुद्धा त्यांनी गिऱ्हाईकाचा माल सांजच्याला पोचवला होता. आठवतंय का तुला? माणसं स्मशानातनं परत आली, आणि हे सायकल काढून रेंदाळ गावाला. का, तर शब्द दिलाय. ते शब्द मोडायचे न्हाईत. माझ्यासाठी न्हाईत, कुणासाठीच न्हाईत."

"अभिनंदन कसा आहे?"

"बरा हाय. त्याला मी न्हाई म्हणत न्हाई. मला त्या घरात दिवसभर काय करायचं ते सांग." ती पुन्हा कातरायला लागली. "जमव तुझे रुपये," ती म्हणाली.

मी जमवायला लागलो. खरं सांगायचं तर त्या कामानं मला झपाटलं. आधी मी संचाची आखणी केली. प्रत्येक सालाचा एक रुपया, त्यातल्या त्यात कमी झिजलेला. राजाच्या मुकुटातले मोती वेगळे मोजता आले पाहिजेत. कानाची पाळी सपाट झालेली चालणार नाही. रंग सगळ्यांचा एकाच जातीचा, जुन्या चांदीवर आपोआप चढतो तसा काळसर, कडेला निळी झाक असलेला. एक झगझगीत आणि बाकीचे काळे, असं नको. हातात आलेला प्रत्येक रुपया मी दुकानातल्या यंत्राखाली घालत होतो, कारण बनावट रुपयेही बाजारात भरपूर होते. खऱ्या रुपयात चांदी शेकडा एक्क्याण्णव पूर्णांक सात, बाकी तांबं. माझे निवडलेले सगळे एक्क्याण्णव ते साडेब्याण्णवच्या मध्ये येत होते.

पंधरा आणि वीस सालचे दोन्ही आठवड्याभरात हुपरीतच मिळाले. आटणीला आलेल्या मालातनं आण्णांनीच ते उपसून काढले. एकवीसचा इचलकरंजीत मिळाला. अकराचा गडहिंग्लजच्या बाजारातल्या एका भांडेवाल्याकडे. त्या रुपयाची गोष्ट मी आण्णांना सांगितली. राजाच्या झग्यावर पदकांची माळ आहे, त्यात बारीक हत्ती कोरलाय. अकरा साली लोक म्हणायला लागले की हा हत्ती नाही, डुक्कर आहे, आणि बोंबाबोंब झाली. शेवटी सरकारला ते रुपये मागे घ्यावे लागले आणि पुढच्या वर्षी सोंड नीट कोरावी लागली.

आण्णांनी भिंग लावून बराच वेळ बघितलं. "हत्तीच हाय की."

"लोकांना डुक्कर दिसलं."

"लोकांचं काय? लोक माझ्या पैंजणालाबी जर्मन म्हणत्यात." जर्मन म्हणजे आमच्याकडे ॲल्युमिनियम.

बावीस सालचा मात्र मिळेना. मी सुट्टी टाकून मोटारसायकल हाणत सुटलो. कागल, मुरगूड, जयसिंगपूर. सराफांच्या पेढीवर बसायचं, त्यांनी वाटी पुढे सरकवायची, मी एकेक रुपया पालथा करून साल बघायचं आणि उठायचं. रात्री झोपेत मला सालं दिसायची. जेवताना मी ताटावर बोटानं बावीस काढायचो. आई म्हणाली, "याचं डोकं फिरलं." आई आमची तशी फार बोलत नाही.

निपाणीला आण्णा स्वतः मागे बसून आले. तिथले सदलगे सराफ त्यांच्या ओळखीचे. त्यांच्या तिजोरीत एक रुपया होता. मी उलटा केला. १९२२. मुकुटातले मोती शाबूत. माझ्या हाताला घाम फुटला, म्हणून मी तो चटकन कापडावर ठेवला.

"सालात काय हाय, चौगुले?" सराफ हसत म्हणाले. "चांदी तीच की. तुम्हीच सांगत होता ना मला, राजा बघू नको, वजन बघ म्हणून?"

आण्णांनी तो रुपया उचलून पुन्हा सालाकडे बघितलं. मग म्हणाले, "साल बघायचं असतंय."

त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि नऊच्या नऊ राणीछाप रुपये सराफांच्या गादीवर ओतले. एकाच्या बदल्यात नऊ. येताना गाडीवर त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. एरवी ते मागची दांडी धरून बसतात.

पेटी सागवानी केली. रुपयाचा व्यास मी व्हर्नियरनं मोजला, साडेतीस मिलिमीटरच्या थोडा वर, म्हणून सुताराकडून एकतीसच्या बारा खाचा पाडून घेतल्या. आत गडद लाल मखमल. खाचेखाली साल कोरायचं की नाही यावर मी आणि आण्णा अर्धा दिवस भांडलो. शेवटी कोरलं नाही. बघणाऱ्यानं उचलून बघावं, असं माझं म्हणणं होतं, आणि ते त्यांनी ऐकलं. आजवर त्यांनी माझं ऐकलेली ती पहिली गोष्ट.

बारा रुपये बसवून पेटी मी ताईला दाखवायला नेली. तिनं अकराचा रुपया अंगठ्यानं उचलला.

"अगं, कडेनं धर!"

"का? राजा चावतोय व्हय?" पण तिनं कडेनं धरला. तिरपा करून तो खिडकीच्या उजेडात फिरवला. चांदी बघण्याची तिची नजर माझ्यापेक्षा फार वेगळी होती. मला साल दिसायचं, तिला पृष्ठभाग. "मळलाय," ती म्हणाली.

"मळ नाही तो. नव्वद-पंच्याण्णव वर्षांत चढलेला रंग आहे. तोच तर तात्यांना पाहिजे. नुसता कापडानं घासला तरी बिघडला."

"आणि उजाळा दिला तर?"

हुपरीतून कुठलाच माल उजाळा दिल्याशिवाय बाहेर पडत नाही. तयार पैंजण लालसर होईपर्यंत तापवायचं, पाणी घातलेल्या गंधकाच्या तेजाबात सोडायचं, मग रिठ्याच्या पाण्यात पितळी ब्रशनं घासायचं. तापल्यावर कातडीतलं तांबं काळं पडतं, तेजाब ते काळं खाऊन टाकतं, वर राहते ती चांदी. पांढरी, मिठासारखी. गिऱ्हाईक त्या पांढऱ्यालाच भुलतं.

"उजाळा दिला तर नाणं मेलं," मी म्हणालो. "चांदीच्या भावानं विकावं लागेल."

"बघितल्याबरोबर कळतंय?"

"कळणाऱ्याला. तात्यांचं आता अवघड आहे म्हणा. एका डोळ्याला मोतीबिंदू, दुसऱ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय. भिंग घेऊन उन्हात बसले तर दिसेल." मग माझ्या लक्षात आलं की मी कशावर बोलतोय. "पण कोण देणार आहे उजाळा?"

"कुणी न्हाई. इचारलं." तिनं रुपया खाचेत ठेवला. तो जरा वाकडा बसला होता, राजाची मान कललेली. तिनं नखानं तो सरळ केला. "चांगलं केलंयस रे," ती म्हणाली. "खरंच चांगलं केलंयस."

साखरपुडा आमच्याच घरी होता. आदल्या दिवशी मला दुकानात उशिरापर्यंत थांबावं लागलं. पेटी देवघराशेजारच्या कपाटात होती आणि मी ती उघडून बघितली नाही, कारण हार, खुर्च्या, बर्फाच्या लाद्या यांत घर नुसतं घोंघावत होतं. मगदूमांकडची पंचवीस-तीस माणसं आली. अंगठ्या झाल्या नव्हत्या. आमच्या बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, पंडितांनी काढलेल्या मुहूर्ताला थोडा अवकाश होता. तात्या पुढच्या खोलीत गादीवर लोड घेऊन बसले होते. आण्णांनी पेटी आणली आणि दोन्ही हातांनी त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"तुमचं सांगणं," आण्णा म्हणाले. "अकरा ते बावीस. पोरानं जमवलंय."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं, खरोखर आनंदानं बघितलं, आणि झाकण उचललं.

मी त्यांच्या मागे उभा होतो. मला आधी मखमल दिसली आणि मग बारा पांढऱ्या चकत्या. कागद गोल कापून ठेवल्यासारख्या. राजाचं डोकं होतं, पण मुकुटातले मोती एकमेकांत गेले होते.

तात्यांनी भिंग काढलं नाही. चष्माही नीट केला नाही. हात लांब करून त्यांनी एक रुपया नुसता तिरपा धरला.

"हे काय केलंत, चौगुले?"

"काय झालं?"

"उजाळा दिलात?"

आण्णांनी वाकून पेटीत बघितलं. त्यांनाही ते तेव्हाच दिसलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही तरी आलं आणि गेलं. माझ्याकडे त्यांनी बघितलं, मी नाही अशी मान हलवली. पण तीस माणसं बघत होती. "व्हय," ते म्हणाले. "सोयऱ्याच्या हातात काळी चांदी देत न्हाई आम्ही."

"अहो, ही नाणी आहेत, पैंजण नव्हे!" तात्या हसले. वाईट हेतूनं हसले असं मी आजही म्हणणार नाही. त्यांचीही निराशा झाली होती आणि माणूस निराश झाला की कधीकधी हसतो. पण त्यांच्यामागे बसलेले त्यांचे दोन जावई मोठ्यानं हसले आणि त्या हसण्यानं तात्यांना चेव आला. "सोन्यासारखी नाणी धोपटून काढलीत. चूक माझी. हुपरीच्या माणसाला सांगायला नको होतं. तुम्हाला चांदी कळते ती तराजूत. आता वितळवा आणि करा त्याचे घुंगरू."

मागच्या कुणीतरी "छुमछुम" केलं.

आण्णांनी तात्यांच्या हातातला रुपया काढून घेतला. हिसकावला नाही, नुसता काढून घेतला. तो खाचेत ठेवला, झाकण लावलं, पेटी काखेत धरली.

"तात्या," ते म्हणाले, "जेवण तयार हाय. जेवून जावा. पाहुणा माझ्या घरातनं उपाशी जात न्हाई. पर माझ्या चांदीला जिथं हसत्यात तिथं माझी पोरगी जायची न्हाई."

"चौगुले, भलतंच काय बोलताय? मस्करी..."

"तुम्ही शब्द परत घ्या. मी माझा घेतला."

अभिनंदन उभा राहिला, काहीतरी बोलणार होता, पण त्याच्या वडिलांनी त्याचा हात धरला. ते लोक जेवले नाहीत.

आतल्या खोलीत आई भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्यावर ओरडलो. घरात कुणावर तरी ओरडायचं होतं. "कुणी दिला उजाळा? कुणी हात लावला पेटीला?"

"मीच सांगितलं," आई म्हणाली. "काल सांजच्याला पेटी उघडून बघितली. सगळं काळं. मला काय ठाऊक? साखरपुड्याला काळं देत्यात व्हय रे? म्हणून त्रिशलाला म्हटलं, बाई, एकदा उजाळा दे आणि ठेव. एकदाच."

"आणि तू दिलास?" मी ताईकडे वळलो.

ताई मोतिया रंगाच्या साडीत, केसात अबोलीचा गजरा, खुर्चीवर बसली होती. "आईनं सांगितलं," ती म्हणाली. "दिला."

"मी तुला सांगितलं होतं!"

"आवाज खाली कर. आण्णा बाहेर हायत."

आण्णांनी त्या दिवशी आईला एक शब्द विचारला नाही. नंतरही कधी विचारला नाही. काळी चांदी द्यायची नाही हे त्यांच्याही अंगात भिनलेलं होतं. आईची चूक त्यांना चूक वाटलीच नसावी. दिवस मावळायच्या आत आमच्याकडे जेवणं होतात. त्या दिवशी पाहुण्यांसाठी केलेला स्वयंपाक आम्ही चौघांनी गपगुमान खाल्ला. ताईनं दोनदा भात घेतला. मग साडी बदलली, घडी घातली आणि मागच्या खोलीत जाऊन गॅस पेटवला.

याला आता सोळा वर्षं झाली. पुढच्या वर्षी ताईनं शेड घेतली. तिच्याकडे आज सव्वीस बायका बसतात. लग्न तिनं गावातच केलं, साचे बनवणाऱ्या एका माणसाशी, आणि त्या लग्नात आण्णांनी सगळ्यांत मोठ्यानं हसून घेतलं. ताईचं आणि माझं त्या पेटीबद्दल कधी बोलणं झालं नाही. माझ्या दृष्टीनं ते दुसऱ्या दिवशीच संपलं.

दुसऱ्या दिवशी मी पेटी दुकानात नेली. का नेली, सांगता येणार नाही. झोप लागली नव्हती आणि काहीतरी मोजल्याशिवाय मला बरं वाटणार नव्हतं. बाराही रुपये एकेक करून यंत्राखाली घातले. सगळ्यांत कमी आला सत्त्याण्णव पूर्णांक दोन, सगळ्यांत जास्त सत्त्याण्णव पूर्णांक नऊ. महिन्यापूर्वी हेच रुपये एक्क्याण्णव-ब्याण्णव होते.

मी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. आकडे तेच आले.

हुपरीचा माल मी रोज मोजत होतो. उजाळा दिलेला, न दिलेला. एका उजाळ्यानं कातडी किती सुधारते याचा मला अंदाज होता, आणि तो अंदाज या आकड्यांच्या जवळपासही नव्हता. पण रुपयावर मी ते कधी करून बघितलं नव्हतं. अंदाजावर बोलायचं नाही असं आम्हाला शिकवलेलं.

१९१८च्या पाचांतले चार उरले होते. त्यातला एक मी घेतला. आधी मोजला. एक्क्याण्णव पूर्णांक आठ. मग घरी आलो आणि ताईच्या खोलीत गेलो. चारही बायका कामावर होत्या. ताई ज्योतीपुढे होती.

"जरा गॅस पाहिजे."

तिनं माझ्या हातातला रुपया बघितला. मग बाजूला सरकून मला जागा दिली. मी रुपया चिमट्यात धरून लालसर होईपर्यंत तापवला, तेजाबात सोडला, ब्रशनं घासला, धुतला, पुसला आणि दुकानात गेलो. ब्याण्णव पूर्णांक सहा. एका उजाळ्यानं एवढंच वाढलं, आणि आई म्हणाली होती एकदाच. परत आलो.

"पुन्हा?" एका बाईनं विचारलं.

"पुन्हा."

दुकान आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. ऊन चढत होतं. मी जात होतो, येत होतो. मालक म्हणाले, "अरे, एवढं काय मोजतोयस?" मी म्हणालो, एक रुपया. तिसऱ्या वेळी चौऱ्याण्णवच्या खालीच होता. चौथ्या वेळी मी आलो तेव्हा ताईनं वर न बघता बाजूला सरकून जागा केली. पाचव्या वेळी तिनं चिमटा माझ्या हातातून घेतला.

"असं धरलास तर एका बाजूनं वितळंल," ती म्हणाली. "सगळीकडनं सारखा तापला पाहिजे."

ती स्वतः तापवू लागली. ज्योत रुपयाभोवती गोल फिरवत, घाई न करता. राजाचं डोकं लाल व्हायचं, ती तेजाबात सोडायची, वाफ यायची. मी तो रुमालात गुंडाळून घेऊन जायचो. बायकांनी आता विचारणं सोडलं होतं.

आठव्यांदा तिनं रुपया माझ्या हातात दिला तेव्हा म्हणाली, "जेवायच्या आधी हुईल न्हवं?"

"होईल."

मी गेलो, मोजला, परत आलो. तिनं माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि न विचारता चिमटा पुढे केला. तापवला, सोडला, घासला. या वेळी तिनं तो पुसून, कडेनं धरून दिला.

दुकानात मालक जेवायला गेले होते. मी रुपया काचेवर ठेवला, झाकण लावलं आणि पडद्याकडे बघत उभा राहिलो.

नवव्या वेळी सत्त्याण्णव पूर्णांक पाच आला.